मापकाकूंनी घर मोजलं

जुना शर्ट घेऊन मापकाकूंच्या दुकानात गेलात आणि "याच मापाचा शिवा" म्हणालात, की संपलंच. काकू तो शर्ट हातातसुद्धा घेत नसत. "ठेवा तिकडं, आणि सरळ उभे राहा," म्हणत आणि गळ्यातला टेप काढून तुमच्या खांद्याला लावत. अहो, मागच्याच महिन्यात माप दिलं होतं, असं गिऱ्हाईक कुरकुरे. पण मागच्या महिन्यातला माणूस आणि आजचा माणूस एकच असतो यावर काकूंचा विश्वास नव्हता. कोणी वाळलेला असे, कोणी सुटलेला असे, आणि सुटलेली मंडळी तर हटकून जुनाच शर्ट मापाला आणत. मापकाकू हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी वैतागून दिलं आणि पुढं तेच मुरलं.

दुकान म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि चपलांच्या दुकानांमधली एक फट. आत मशीन, स्टूल, कापायचं टेबल आणि काकू. गिऱ्हाइकानं दोन पावलं जास्त टाकली तर ते मशीनवरच बसायचं. या फटीत काकूंनी एकतीस वर्षं काढली. शाळेचे गणवेश शिवले, कोट शिवले, पडदे शिवले, आणि सांगितलेल्या दिवशी दिले. हे शेवटचं वाक्य ज्यांना साधं वाटतं, त्यांनी आयुष्यात कधी काही शिवायला टाकलेलं नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी काकूंचा उजवा खांदा बोलायला लागला. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, मागं न्यायला लावला, आणि स्पष्टच सांगितलं, की मशीन फार तर आणखी दोन वर्षं. काकू दवाखान्यातून बाहेर आल्या त्या विचार पक्का करूनच. एक लहानसं घर घ्यायचं आणि भाड्यानं द्यायचं. खांदा थांबला तरी महिन्याची कमाई थांबता कामा नये. संसार काकांच्या पगारावर चालला होता, पण मशीनचा पैसा काकूंनी वेगळा ठेवला होता. तो एकदाच खर्च होणार होता. चुकला तर पुन्हा कमवायला खांदा नव्हता. एवढी साधी गोष्ट होती, आणि एवढी भीतीची.

काका म्हणजे काकूंचे यजमान. एका दवाखान्यात खिडकीमागं बसून औषधं द्यायचे. माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त इतका की विचारू नका. एकदा बुटांच्या दुकानात विक्रेत्यानं दहा जोड खाली काढून दाखवले, आता नको कसं म्हणायचं, म्हणून काकांनी एक नंबर लहान बूट घेतले आणि वर्षभर लंगडत घातले. अशा माणसाला बरोबर घेऊन काकू घरं बघायला निघाल्या.

दोन वर्षांत अकरा घरं पाहिली. काकूंची पाहण्याची तऱ्हा वेगळीच होती. कपडा घ्यायचा तर आधी तो उलटा करायचा, शिलाई आतून कशी आहे ते बघायचं, हे त्यांच्या हातातच बसलेलं. मग घर उलटं कसं करायचं? काकू विकाऊ घरात आधी जातच नसत. त्याच्या खालच्या घराचं दार वाजवत.

"तुमच्या वरचं घर विकायला आहे. तुमचं छत जरा बघू का?"

काका जिन्यात भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. पण गंमत अशी, की लोक काकूंना आत घ्यायचे. नुसतं छत नाही, ओलीचे डाग दाखवायचे, वरच्यांच्या तीन भाडेकरूंच्या कथा सांगायचे, पाणी किती वाजता जातं तेही सांगायचे. मालकानं आठ दिवसांपूर्वी दिलेला रंग वर झकास दिसत असे आणि खालच्या छताला बुरशीचे ढग आलेले असत. अशी पाच घरं तर वर न जाताच बाद झाली. चार घरांचे कागद नीट नव्हते. एकाचा मालक कागद मागितल्यावर फोनच उचलेना. एक घर मात्र खरंच चांगलं होतं, पण ते काकूंच्या आवाक्याबाहेर होतं, आणि त्याबद्दल त्या कधी बोलत नसत.

"लोक काय म्हणत असतील गं?" काका म्हणायचे.

"काय म्हणायचं ते म्हणू देत. छत गळायला लागलं की ते येणारेत का बादली धरायला?"

बारावं घर भाच्यानं आणलं. भाचा म्हणजे काकांच्या चुलतबहिणीचा मुलगा, चाळिशीतला, घरांची दलाली करणारा, दोन फोन आणि एक अत्तर बाळगणारा. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आतली खोली. भाडेकरू एक नर्स होती, ती राहायला तयार होती आणि भाडं वेळेवर देत होती. खालचं छत काकूंनी पाहिलं, कोरडं ठणठणीत. खालच्या आजोबांनी वरच्या घराबद्दल एकच तक्रार केली, की नर्सबाई चप्पल वाजवत चालतात. काकूंना घर आवडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आवडलं, आणि म्हणूनच त्या घाबरल्या.

"मामी, शनिवारपर्यंत इसार द्या," भाचा म्हणाला. इसार म्हणजे सौदा ठरल्याचे आगाऊ पैसे. "रोख दिलेत तर बरं. दुसरी पार्टी सोमवारी येतेय."

"पावती?"

"मामी! मालक शब्दाचे पक्के आहेत. आणि मी घरचा माणूस आहे. मी तुम्हाला फसवीन का?"

हे वाक्य कानावर पडलं, की शहाण्यानं पिशवी घट्ट धरावी. पण आपल्याकडं उलटंच होतं. विचारणाराच शरमतो. काका तर तिथल्या तिथं घामाघूम झाले.

"पैसे चेकनं देईन. कागद झाल्यावर," काकू म्हणाल्या. "आणि आधी घर मोजीन."

"मोजीन म्हणजे? कागदावर आहे की सगळं."

"कागद म्हणजे जुना शर्ट. मला माणूस मोजायचाय."

गुरुवारी दुपारी नर्सबाई घरी असताना मोजणी झाली. मालक आले होते. निवृत्त, शांत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. भाचा होता, काका होते. काकूंनी गळ्यातला टेप काढला, काकांना एक टोक धरायला लावलं आणि गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेनं निघाल्या. बाहेरची खोली तीन इंच कमी भरली. स्वयंपाकघर दोन इंच कमी. आतली खोली तब्बल वीस इंच कमी. काकूंचा चेहरा लाल झाला.

"एकही भिंत कागदाप्रमाणं नाही! सगळं घर आखूड आहे!" त्या मालकांना म्हणाल्या, आणि जरा चढ्याच आवाजात म्हणाल्या.

भाचा हसला. त्यानं खिशातून पोलादी टेप काढला, खटकन ओढला आणि बाहेरची खोली मोजली. बरोबर बारा फूट. कागदावर होती तशी. त्यानं स्वयंपाकघर मोजलं. तेही बरोबर.

"मामी, टेप कधी घेतलात?"

काकूंनी हातातल्या टेपाकडं पाहिलं. पिवळा रंग गेलेला, कडा विसविशीत, टोकाची पत्री दोनदा बदललेली. कापडी टेप रोज ओढला जातो आणि वर्षानुवर्षं ताणत जातो. अकरा वर्षांत तो चांगला सव्वा इंच वाढला होता, म्हणून त्यानं मोजलेलं सगळं कमीच भरायचं, आणि काकूंना पत्ता नव्हता. पत्ता लागणार कसा? त्याच टेपानं माप घ्यायचं, त्याच टेपानं कापड कापायचं. दोन्हीकडं चूक सारखीच, म्हणून शर्ट बरोबर बसायचा. शिंप्याला हा ताण कधी नडत नाही. पण घराचा कागद दुसऱ्याच कुणाच्या टेपानं लिहिलेला होता.

भाचा पोट धरून हसला. नर्सबाई तोंडावर हात ठेवून आत गेल्या. मालक मात्र हसले नाहीत, पण तेही काही बोलले नाहीत. काका मालकांना तीनदा "माफ करा" म्हणाले. जिच्या मापाला एकतीस वर्षं कुणी बोट लावलं नव्हतं, ती बाई खाली मान घालून जिना उतरली. वाटेत काका म्हणाले, "जाऊ दे गं. देऊन टाकू इसार. आणखी किती शोभा करून घ्यायची?" काकूंनी टेप गळ्यात न घालता पिशवीच्या तळाशी टाकला, यावरून त्यांना किती लागलं होतं ते कळावं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी काकूंनी टेप टेबलावर ताणला आणि शेजारी लोखंडी पट्टी ठेवली. साठ इंचांना सव्वा इंच जास्त. म्हणजे बारा फुटांना तीन इंच. बाहेरच्या खोलीत तीन कमी भरले होते, हिशेब जुळला. स्वयंपाकघर आठ फूट, दोन इंच, तेही जुळलं. मग आतल्या खोलीत वीस कसे? टेप खोटं बोलत असेल, पण बोलेल तर सगळीकडं सारखंच बोलेल. एका खोलीत तीन बोटं आणि दुसऱ्या खोलीत हातभर, असं बोलणार नाही. वीसमधले जेमतेम तीन टेपाचे. उरलेले कोणाचे?

आणि भाच्यानं आतली खोली मोजलीच नव्हती! हसण्याच्या भरात सगळेच विसरले होते. काकूसुद्धा.

त्या शेजारच्या किल्लीवाल्याकडं गेल्या, त्याचा पोलादी टेप मागून घेतला आणि दुकानाला कुलूप लावलं. भर हंगामात, गणवेशांचा ढीग पडलेला असताना, सकाळी दहाला. किल्लीवाला सांगतो, की एकतीस वर्षांत हे दोनदाच झालं. पहिल्या वेळी काकूंची मुलगी झाली होती.

ज्या घरात काल हसू झालं त्याच घराचं दार आज पुन्हा वाजवायचं, याला छाती लागते. मला विचाराल तर मी गेलो नसतो. तुम्हीही गेला नसता. काकू गेल्या. नर्सबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या ओठांवर कालचं हसू आलंच.

"हसा, हसून घ्या," काकू म्हणाल्या, "पण हे टोक धरा."

आतली खोली साडेदहा फूट भरली. कागदावर बारा. दीड फूट भिंतीनं खाल्ला होता, आणि भिंतीपलीकडं शेजारचं घर होतं. काकूंनी भिंतीवर बोटानं वाजवलं. बाकीच्या भिंती ठस्स वाजत, ही पातळ वाजली. ही नंतर बांधलेली होती.

काकूंनी शेजारचं दार वाजवलं. शेजारीण एक विधवा बाई, शिकवण्या घेणारी. काकूंनी खरं काय ते सांगितलं. तशी ती मुकाट्यानं त्यांना न्हाणीघरात घेऊन गेली. न्हाणीघर चांगलं ऐसपैस होतं.

"मी घेतलं तेव्हापासून हे असंच आहे," ती म्हणाली. "माझ्या कागदावर मात्र लहान आहे. मला वाटायचं, विचारायला गेले तर माझंच जाईल. म्हणून नऊ वर्षं गप्प बसलेय."

 काकूंना तिची फार कणव आली. पुढं जे झालं त्याचं निम्मं श्रेय त्या कणवेला आहे.

संध्याकाळी काकू, काका, भाचा आणि मालक दुकानात जमले, म्हणजे काकू आत आणि बाकीचे फुटपाथवर. मालकांना विचारल्यावर त्यांनी मिशांवरून हात फिरवला. मग सांगू लागले. शेजारचं घर पूर्वी त्यांच्या बहिणीचं. आई शेवटी तिच्याकडं होती, अंथरुणाला खिळलेली. खुर्चीसकट न्हाणीघरात नेता यावं म्हणून भिंत दीड फूट इकडं सरकवली. भावाबहिणीत कागद कोण करतं? पुढं आई गेली, बहिणीनं घर विकलं, भिंत तिथंच राहिली.

"मी खरंच विसरलो होतो," मालक म्हणाले. मग स्वतःच शब्द मागं घेत म्हणाले, "नाही. विसरलो नव्हतो. काल तुम्ही ओरडलात तेव्हाच आठवलं होतं. पण सगळे हसले, आणि मला गप्प राहणं सोपं गेलं."

हे कबूल करायला मोठं मन लागतं, हे काकूंनी त्यांना तोंडावर सांगितलं. भाच्याला मात्र अजून आपलंच घोडं दामटायचं होतं.

"पण मामी, कागदावर जास्तच आहे ना? मग फायदा तुमचाच!"

"अरे, कागदावरचं कापड अंगात घालता येतं का? पैसे बारा फुटांचे द्यायचे आणि राहायचं साडेदहात? उद्या मी विकायला काढलं आणि माझ्यासारखीच एखादी टेप घेऊन आली, तर मी काय सांगू? की मी गरीब शेजारणीच्या न्हाणीघराची मालकीण आहे?"

"सोमवारची पार्टी—"

"तिलाही सांग, आतली खोली मोज म्हणावं."

सोमवारची पार्टी आलीच नाही. ती होती की नव्हती, हे भाचाच जाणे.

काकूंनी वकीलबाई गाठल्या. काकूंनी त्यांचे दोन कोट शिवले होते, पण फी पूर्ण दिली, सवलत मागितली नाही. वकीलबाईंनी तीस वर्षांचे कागद काढले, घरावर कुणाचं कर्ज किंवा दावा नाही याची खात्री केली आणि मग म्हणाल्या, "तुम्ही मोजलं नसतं तर मला हे कागदात कधीच दिसलं नसतं. कागद एकदम स्वच्छ आहेत. चूक भिंतीत आहे."

हे वाक्य काकूंनी पुढं किती जणांना ऐकवलं त्याची मोजदाद नाही. ऐकवू देत. कमावलेलं वाक्य होतं.

मार्ग निघाला तो असा. दीड फुटाची पट्टी मालकांनी रीतसर शेजारणीच्या नावे लिहून दिली, आणि शेजारणीनं त्या पट्टीचे पैसे मालकांना दिले. ती पैसे देताना रडली, पण सुटल्यासारखी रडली. काकूंच्या कागदात आतली खोली साडेदहा फूट लिहिली गेली आणि तेवढी किंमत उतरली. इसार चेकनं गेला, पावतीसकट. नर्सबाईंचा नवा करार झाला. भाच्यानं आपली दलाली घेतली, आणि आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "आमच्याकडं आम्ही स्वतः भिंती मोजून देतो." सांगू दे बापडा.

नोंदणीच्या दिवशी कचेरीत ही गर्दी. बाकं भरलेली, पंखा नुसता आवाज करणारा, काचेमागं एक कारकून, वर मान न करणारा. काकूंनी खरेदीखताचं प्रत्येक पान चारदा वाचलं होतं. घराचं माप, चारी बाजूंना काय आहे, पट्टीचा उल्लेख, रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरात. पूर्वेच्या जागी पश्चिम झालं होतं, ते त्यांनी आदल्याच दिवशी वकीलबाईंना फोन करून दुरुस्त करून घेतलं होतं. आता फक्त सही राहिली होती. मालकांनी केली. साक्षीदारांनी केली. साक्षीदारांत एक काका होते. कारकुनानं शेवटचं पान काकूंपुढं सरकवलं आणि पेन दिलं.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

काका होते ते. त्यांच्या हातात पहिलं पान होतं. सही करून झाल्यावर, वेळ घालवायचा म्हणून ते वाचत बसले होते.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

"काय चुकलंय?" कारकुनानं विचारलं. "नाव बरोबर आहे, वय बरोबर आहे."

"व्यवसाय. इथं 'गृहिणी' लिहिलंय."

काकूंनी पान ओढून घेतलं. खरंच होतं. घराची एकेक ओळ त्यांनी चारदा वाचली होती. स्वतःची वाचलीच नव्हती.

"बायकांचं तसंच लिहितात," कारकून म्हणाला. "त्यानं काय फरक पडतो? मागं रांग बघा."

रांगेतून कुणीतरी "चला हो" म्हणालं. काकांचे कान लाल झाले. काकूंना वाटलं, आता हे तीनदा माफी मागणार. काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आवाज कचेरीभर गेला.

"फरक पडतो. हे घर हिनं शिवणकामावर घेतलंय. एकतीस वर्षांच्या. माझा यात एक पैसा नाही. टेलर लिहा, नाहीतर ही सही करणार नाही."

 मग वकीलबाई पुढं झाल्या, "चूक माझी, आमच्या टायपिस्टनं नेहमीचा मजकूर घातला," म्हणाल्या, आणि कारकुनानं कपाळाला आठ्या घालत का होईना, तो शब्द खोडला, वर नवा लिहिला आणि शेजारी शिक्का मारला.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "तुम्ही भांडलात?"

"भांडलो कुठं? चूक दाखवली."

काकूंच्या डोळ्यांपुढं अक्षरं पुसट झाली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, ती ओळ बोट ठेवून वाचली, आणि सही केली.